पिरॅमिडवरचं गाऱ्हाणं

“बाखेसे! बाखेसे!”

गाइड खालून घसा फोडून ओरडत होता. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ ‘खाली उतर’. मला ती भाषा येत नव्हती, पण जगातल्या कुठल्याही बंदरावर माणूस अशा आवाजात ओरडला की त्याचे दोनच अर्थ होतात, वर चढ नाहीतर खाली उतर. आणि मी वरच होतो. मेक्सिकोच्या जंगलात, माया लोकांनी हजारेक वर्षांपूर्वी बांधलेल्या दगडी पिरॅमिडच्या माथ्यावर, जहाजाच्या कुकचा हळदीचे डाग पडलेला सदरा घालून, शेंडी ठेवून सोललेला नारळ हातात घेऊन, तो फोडायला बरासा दगड शोधत. समोर एक कोरलेला देव होता. त्याचं नाक एवढं मजबूत होतं की रत्नागिरीच्या देवळातल्या पायरीला लाज वाटावी.

गाइडला वाटलं, हा माणूस आता नारळ आमच्या देवाच्या नाकावर आपटणार. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी तेच करणार होतो. आम्हा कोकणातल्या माणसांना जुना दगड आणि नारळ समोरासमोर दिसले की तिसरं काही सुचत नाही.

तिथवर कसा पोचलो ते सांगतो. आमचं मालवाहू जहाज इंजिन बिघडून त्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात अडकलं होतं. लोकांना मी तीन महिने म्हणून सांगतो. सतरा दिवस होते. सुटा भाग कुठल्याशा देशातून यायचा होता आणि तो बहुतेक पोहत येत होता. एका दुपारी रेडिओ ऑफिसर गॅलीत, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात आला, कागदाचा चिटोरा कट्ट्यावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मेहुण्याची तार होती. बायकोला रत्नागिरीच्या दवाखान्यात हलवलंय, दिवस भरायच्या आधीच कळा लागल्यात, डॉक्टर काळजीत आहेत. बस, एवढंच. आमचं पहिलं बाळंतपण. ती तिकडे, मी पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, आणि जहाज सोडून जायची परवानगी नाही. पुढची तार येता येईना. त्या दिवसांत मी केलेली आमटी इतकी खारट होती की तक्रार करायलाही कोणाची जीभ उचलत नव्हती.

तिसऱ्या दिवशी कॅप्टनने बोलावून घेतलं. “तू भांड्यावर वाकून रडतोस आणि मीठ दोनदा पडतं,” तो म्हणाला. “उद्या बंदरातून पर्यटकांची बस माया लोकांची देवळं बघायला जाणार आहे. तू जायचंस. हा हुकूम आहे.”

जहाजावरून माझ्याबरोबर फक्त राजिवड्याचा माझा दोस्त होता, इंजिनरूममधला. दोघे एकाच खाडीत उघडेनागडे पोहायला शिकलो, एकाच वर्षी जहाजावर चढलो. निघताना मी कोठाराकडे वळलो. माणूस घाबरला की त्याचा हात आपोआप कुठेतरी जातो. कोणाचा खिशात जातो, कोणाचा बाटलीकडे. माझा नारळांच्या पोत्यात गेला.

गाइड म्हणजे साडेचार फुटांचा गडी. स्वतः माया, तिथल्याच वाडीतला. डोक्यावर गवती टोपी, कमरेला आपल्यासारखीच कोयती आणि आवाज मात्र बोटीच्या भोंग्याचा. त्याने आधी आम्हाला पिरॅमिडच्या पायथ्याशी उभं केलं आणि एक टाळी वाजवली. वरून उत्तर आलं. टाळीचं नव्हे, पाखराचं! ‘च्यीव’ असं, जणू दगडात कोणी शेपटीवाला पक्षी चिणून ठेवलाय. आमच्या घोळक्यातल्या एका जाड्या जर्मन बाईने एवढ्या टाळ्या वाजवल्या की मला वाटलं, आता तो पक्षी अंडी घालणार.

जंगल बघून मात्र मी निराश झालो. जंगल म्हणून जे ते दाखवत होते, ते आमच्या मागच्या आगराचं मोठं भावंड होतं. पेरू, पपई, सीताफळ. आणि चिकू! हा एवढा चिकू, माडाएवढा उंच. गाइड एका पडक्या देवळाच्या दारावरची लाकडी तुळई दाखवून सांगायला लागला की ही त्याच झाडाची, हजार वर्षं पाऊस खाऊन टिकली आहे. मी मनात म्हटलं, आणि आम्ही त्याची फळं चेचून मिल्कशेक करतो. फांद्यांवर माकडं ओरडत होती, गावच्या सभेत ओरडतात तशी. माझा दोस्त हे काही बघायला बसमधून उतरलाच नाही. रात्रपाळी संपवून आलेला तो. सीटवर आडवा झाला आणि त्याच्या घोरण्याने बसच्या काचा थरथरत होत्या.

तर मी वर. गाइड खाली. त्याचं ओरडणं ऐकून मी नारळ खाली घेतला आणि पायऱ्या उतरलो. त्या पायऱ्या चढताना चांगल्या वाटतात. उतरताना प्रत्येक पायरी विचारते, घरी कोण कोण आहे? खाली आल्यावर गाइडने माझा हात धरला. चेहरा लाल. मग त्याने माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि आवाज एकदम उतरवला. हाताने विचारलं, काय?

मी पोटावर हाताने गोल काढला. समुद्राकडे बोट दाखवलं. मग दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. एवढीच माझी स्पॅनिश.

तो वळला आणि मला झाडीतल्या एका साध्या धोंड्यापाशी घेऊन गेला. कोरलेला नाही, काही नाही. आपल्या वाडीच्या सीमेवर असतो तसा. त्याच्यापाशी मेणबत्तीचे थेंब आणि मक्याचे दाणे पडलेले होते. म्हणजे त्याच्या घरचे लोक तिथे येत असावेत. त्याने बोट दाखवलं, इथे. मी नारळ ठेवला आणि आपल्याकडे घालतात तसं खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

“हे बारा गावच्या, बारा वाटांच्या देवा महाराजा!”

आणि थांबलो. कारण गाऱ्हाण्याचा एक नियम आहे. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी ‘होय महाराजा’ म्हणायचं. मागे होकार नसेल तर ते गाऱ्हाणं नाही, ती नुसती बडबड. मी वळून गाइडला म्हटलं, “होय महाराजा म्हण.” त्याला तीनदा म्हणून दाखवलं. चौथ्यांदा तो म्हणाला, “ओय माराखा.” मग जर्मन बाई म्हणाली. मग तिचा नवरा, मग टोपीवाली अमेरिकन म्हातारी, मग सगळा घोळका. मी एकेक मागत गेलो आणि त्या जंगलात वीस माणसं होकार देत गेली. शेवटी गाइडने कोयतीचा एक घाव घालून नारळाची दोन भकलं केली, अशी सरळ, की मलाही जमली नसती. सगळ्यांनी प्रसाद खाल्ला. दुसऱ्या दिवशी तार आली. मुलगी झाली, दोघी ठीक.

आता एवढी गोष्ट मी घरी येऊन नीट सांगितली असती, तर पुढचं काही झालंच नसतं. पण माझ्याबद्दल गावात एक माप प्रसिद्ध आहे. मी सहा फुटी मासा म्हटलं की लोक विचारतात, कोणाचे फूट? ह्याचे असतील तर दीड धरा. आठ महिन्यांनी घरी आलो, ओटीवर सगळा गोतावळा जमलेला, मांडीवर मुलगी. मला स्फुरण चढलं. मी पिरॅमिड आभाळात नेला. मगर आणली. मगरीने गाइडची टोपी खाल्ली, मी तिच्या तोंडात हात घालून टोपी काढली, ती टोपी तीन पिढ्या देवळात ठेवायचं माया लोकांनी ठरवलं. लोक लोळत होते. आणि ह्या सगळ्याच्या शेवटी, मगरीच्या शेपटीला बांधून, मी गाऱ्हाण्याची गोष्ट सांगितली. जर्मन बाई ‘होय महाराजा’ म्हणाली म्हटल्यावर तर माझा मेहुणा खांबाला धरून हसला.

बायको हसली नाही. सगळे गेल्यावर ती म्हणाली, “मगर ठेवा. टोपी ठेवा. माझं बाळंतपण त्यात नको.”

“अगं, पण ते खरं आहे!”

“पोटात वाढवलं मी, चार दिवस दवाखान्यात मी, आणि गाऱ्हाणं तुमचं? तुम्ही तिकडे सहलीला गेला होतात, एवढं तरी कबूल करा. मी काही म्हणणार नाही. पण त्यावर थाप नको.”

मी पुरावे गोळा केले. एक फोटो होता. त्यात नुसत्या दगडी पायऱ्या आणि कोणाचा तरी गुडघा. तिने बघितला आणि म्हणाली, “ह्या आंजर्ल्याच्या देवळाच्या पायऱ्या आहेत. आपण लग्नानंतर गेलो होतो.” मग मी राजिवड्याहून दोस्ताला आणला. तिचा त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास. त्याने चहा घेतला, खारी खाल्ली, दाढी कुरवाळली.

“वहिनी, खोटं बोलणार नाही. बस जंगलात गेली, इतकं खरं. पुढे मी झोपलो होतो.”

“अरे, तुला नारळाचं खोबरं आणून दिलं होतं मी!” मी ओरडलो.

“खोबरं खाल्लं. ते गॅलीतलंच असेल म्हटलं.”

त्यानंतर तो हजला जाऊन आला, केस पांढरे झाले, पण त्या साक्षीत एक अक्षर वाढवायला तयार नाही. असा प्रामाणिक दोस्त वैऱ्यालाही देऊ नये.

मी ती गोष्ट सांगायची सोडून दिली. म्हणजे मगरीपर्यंत सांगायचो आणि थांबायचो. मुलगी मोठी झाली, मिरजोळ्याला एमआयडीसीत मासळीच्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागली, तिचं लग्न झालं. पण अधूनमधून, भांडण नसतानासुद्धा, नुसता भात उपसताना बायकोच्या तोंडून निघायचं, “तेव्हा तरी तुम्ही कुठे होतात?” आणि मला उत्तर माहीत असून देता यायचं नाही. चाळीस देशांत थापा पचवलेला माणूस मी. एक खरी गोष्ट घरात खपवता येईना.

जहाज सोडून घरी बसलो आणि दोन वर्षांत माझं डोकं फिरायची वेळ आली, तेवढ्यात आमच्या गावच्या सड्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या कातळी माळावरच्या चित्रांना दिवस आले. जांभ्या कातळावर कोणे एके काळी कोणीतरी कोरलेली चित्रं: हत्ती, मासे, माणसं, नुसत्या नक्ष्या. आम्ही लहानपणी त्यांच्यावर गुरं चारली, आणि आता पुण्या-मुंबईची माणसं गाड्या करकरून बघायला येतात. दाखवायला कोणीतरी हवं. मी पुढे झालो. त्या साडेचार फुटी गाइडकडून जे एका दिवसात शिकलो, ते सगळं इथे वापरतो. आधी खराट्याने कातळ झाडायचा, मग रेघांमधून पाणी ओतायचं, की तो हत्ती उठून उभा राहतो. कोणी चपला घालून चित्रावर पाय ठेवला की बोटीच्या भोंग्यासारखं ओरडायचं. आणि सुरुवातीला सगळ्यांकडून टाळ्या वाजवून घ्यायच्या. आता आमचा सडा ताटासारखा सपाट, टाळीला उत्तर देणार कोण? दोन क्षण वाट बघून मी म्हणतो, “आज वारा उलटा आहे.” कोणी पैसे परत मागितलेले नाहीत.

जेवण आमच्या घरून येतं. घावणे, कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी. बायको टोप भरून रिक्षाने पाठवते, स्वतः कधी येत नाही. म्हणते, “घरात ऐकते तेवढं पुरे.”

गेल्या थंडीत सावर्ड्याहून निवृत्त शिक्षकांची सहल आली. त्या दिवशी रिक्षावाला आला नाही, म्हणून तिला माझ्या स्कूटरवर मागे बसून यावं लागलं. ती काजूच्या झाडाखाली टोप मांडून केळीची पानं पुसत बसली, आमच्यापासून वीस पावलांवर, पाठ करून. मी हत्ती दाखवला, मासा दाखवला, मग नेहमीप्रमाणे मेक्सिकोत शिरलो. सहलीचे पुढारी एक मास्तर होते. उभा जन्म पोरांच्या सबबी तपासलेला माणूस. त्यांनी मला असा धरला की विचारू नका.

“पायऱ्या किती होत्या म्हणालात?”

“नऊशे.”

“मघाशी सातशे म्हणालात.”

“सातशे चढताना. उतरताना पाय दमलेले असतात, मास्तर.”

“साल कुठलं?”

“साल आठवत नाही. मगर आठवते.”

सगळे हसत होते, मास्तरसुद्धा. माझं झकास चाललं होतं. मगरीच्या तोंडातून टोपी काढली आणि आता थांबणार, तोच त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, “अहो, इतकी वर्षं बाहेर काढलीत. तेव्हा घरी कोण होतं?”

माझी नजर काजूकडे गेली. ती पाठमोरीच होती. तिचा हात पानावर फिरायचा थांबला होता.

“सांगा की,” ती म्हणाली. मागे न वळता. “विचारतायत तर.”

मग मी सांगितलं. तार सांगितली, खारट आमटी सांगितली, नारळ, तो साधा धोंडा, ‘ओय माराखा’. मगर नाही, टोपी नाही, पायऱ्यांचा आकडा नाही. हात न हलवता सांगितलं, आणि हात न हलवता मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होतो. सांगता सांगता एक वाक्य बाहेर पडलं, जे मी ओटीवर त्या दिवशीसुद्धा सांगितलं नव्हतं, कारण मांडीवर मुलगी होती आणि बापाने ते तिच्या कानावर घालू नये. मी त्या धोंड्याला म्हणालो होतो, “तुझं नाव मला ठाऊक नाही. आमचे देव इथून लांब पडतात, म्हणून तुझ्याकडे आलोय. मुलाचं नंतर बघू. आधी तिला सोडव.”

“होय महाराजा,” घोळक्यात मागून कोणीतरी गमतीने म्हटलं. आणि मास्तरांना असं हसू फुटलं की त्यांचा चष्मा खाली आला.

“वा! वा! मगर मी मान्य केली असती! पण जर्मन बाई आणि होय महाराजा? अहो, ही तर तुमच्या सगळ्या थापांची महाराणी!”

सगळे शिक्षक हसले. चांगली माणसं होती, वाईट मनाने नाही हसली. मी त्यांच्या जागी असतो तर कातळावर लोळलो असतो. मीही हसायला तोंड केलं.

तेवढ्यात बायको उठली. हातात पिठल्याचा डाव. वीस पावलं चालत आली, चित्राच्या कडेला चपला काढल्या, आणि मास्तरांच्या समोर उभी राहिली.

“ती थाप नाही,” ती म्हणाली. “हसू नका.”

मास्तरांना अजून हसू आवरत नव्हतं. “वहिनी, तुम्ही होतात का तिथे?”

“मी दवाखान्यात होते.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “माफ करा,” ते हळूच म्हणाले. ती म्हणाली, “घावणे गार होतील,” आणि चपला घालून परत काजूखाली गेली. त्या दिवशी मास्तरांनी पिठलं तीनदा मागून घेतलं आणि तिने तीनही वेळा वाढलं, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

चारच्या सुमाराला गाडी सावर्ड्याच्या वाटेला लागली आणि आम्ही दोघे स्कूटरवरून घरी निघालो. मागे ती, तिच्या मांडीवर रिकामे टोप, टोपांत डाव खुळखुळतोय. माझ्या छातीत मात्र ढोल वाजत होता. इतक्या वर्षांनी! कोर्टाने निकाल फिरवावा तसं झालं होतं. मी राजिवड्याला फोन लावून त्या झोपाळूला कसं हिणवायचं, तेही ठरवून टाकलं. चढणीवर गाडी धापा टाकू लागली तेव्हा मला राहवेना. मी मान अर्धी वळवून विचारलं, “अगं, म्हणजे तुला पटलंच म्हणायचं.”

चढण संपली तेव्हा तिने मांडीवरचे टोप सावरले.

“पटायचं काय त्यात?” ती म्हणाली. “मास्तर हसला, ते मला आवडलं नाही.”